चेक लाइट नेमके काय सांगते

इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा, म्हणजेच चेक लाइट, लागला की स्कॅनर बिघडलेला भाग दाखवतो आणि तो बदलला की काम संपते, ही जुन्या डिझेल गाडीच्या मालकाला सर्वांत महाग पडणारी समजूत आहे. इंजिनाच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, नोंदवलेला कोड स्कॅनर केवळ वाचतो, आणि कोणते मोजमाप अपेक्षेबाहेर गेले एवढेच तो कोड सांगतो.

पी-0401 हा कोडच पाहावा. धुरातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी ईजीआर व्हॉल्व्ह एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडतो. त्या वेळी बाहेरून येणारी ताजी हवा कमी व्हायला हवी, आणि अनेक इंजिनांत ईसीयू ही घट एअर फिल्टरनंतरच्या हवामापक सेन्सरवरून ताडतो. घट दिसली नाही की कोड नोंदला जातो, मग कारण काजळीने जाम झालेला व्हॉल्व्ह असो, फाटलेली व्हॅक्यूम नळी असो किंवा मळून चुकीचे आकडे देणारा सेन्सरच असो. डिझेल स्विफ्ट (2007) आणि इंडिका व्हिस्टा (2008) यांत फियाटने विकसित केलेले 1,248 सीसीचे इंजिन आले. अशी गाडी अंबरनाथहून कल्याण-बदलापूर रस्त्यावर रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत असेल, तर काजळीचा संशय रास्तच आहे, पण व्हॉल्व्ह उतरवून त्याच्या तोंडाशी साचलेला काळा, चिकट थर पाहिल्याशिवाय नवा व्हॉल्व्ह विकत घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय.

बॅटरीची तार काढून दिवा विझवणे हा तर उपायच नव्हे, कारण त्यामुळे अनेक गाड्यांत कोडबरोबरच बिघाडाच्या क्षणीचे वेग, भार व तापमान यांचे आकडेही पुसले जातात आणि मेकॅनिकच्या हातचा पुरावा जातो. पीयूसी मिळाले म्हणजे इंजिन निर्दोष, हेही खरे नाही. डिझेल गाडीच्या त्या चाचणीत धुराची घनता मोजतात, कोड वाचत नाहीत.

पिवळा दिवा स्थिर असून पिकअप नेहमीसारखा असेल, तर सावकाश गॅरेज गाठता येते. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा मात्र तेलाचा दाब घसरल्याचा इशारा असल्याने इंजिन तत्काळ बंद करून गाडी ओढूनच न्यावी लागते.