इंजिनिअरिंगची पुस्तके : कोणता माल टिकतो?

कोशाचे कापड विकण्यात ज्याची उमर गेली, त्या करडीच्या दुकानदाराने इंजिनिअरिंगच्या पुस्तकांवर लिहावे याचे वाचकबांधवांना नवल वाटेल. पण आपल्या कारागिरांची मुले आता नागपूरच्या कॉलेजांत शिकतात. पुस्तकांची यादी आली की पैसा दुकानाच्या भांडवलातून निघतो. तेव्हा हा मालही पारखता आला पाहिजे.

पुतण्यासाठी मी सॉफ्टवेअरचे एक जाड जुने पुस्तक निम्म्या भावात आणले. सौदा छान झाला म्हणून खूश होतो. पोराने चार पाने चाळली आणि म्हणाला, "चाचा, ही पद्धत आता कोणी वापरत नाही." ते रद्दीत गेले.

सॉफ्टवेअरमध्ये पुस्तकाच्या नावापेक्षा आवृत्ती पाहावी लागते. आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' घ्या. देशभर मुलांनी सी भाषा त्यावर गिरवली. त्याच्या जुन्या आवृत्त्या डॉसवर चालणाऱ्या टर्बो सी वर बेतलेल्या होत्या. पुढच्या आवृत्त्यांत ते बदलले. भाषेचा पाया तोच, पण जुनी प्रत घेणाऱ्या मुलाला संगणकापुढे अडायला होते.

अँटेनाचे उलटे आहे. अमेरिकेतील प्राध्यापक जॉन क्राउस यांचे 'अँटेनाज' १९५० साली निघाले, तिसरी आवृत्ती २००२ ची. एफएम रेडिओची १०० मेगाहर्ट्झची लहर तीन मीटरची. तिच्यासाठी अर्ध्या लहरीचा अँटेना दीड मीटरहून किंचित कमी कापायचा. हे माप १९५० मध्ये खरे होते, आजही आहे. हिशेब आता संगणक करतो, एवढाच फरक. याच क्राउसनी १९४६ मध्ये एका पाहुण्या शास्त्रज्ञाला विचारले की तारेच्या वेटोळ्याचा अँटेना होईल का? उत्तर आले, नाही, मी करून पाहिले आहे. क्राउसनी घरी जाऊन तार गुंडाळली आणि तो चालला! पुढे उपग्रहांच्या कामात हा अँटेना फार वापरला गेला. कांडीवर सूत भरणाऱ्या आपल्या लोकांना त्याचे चित्र पाहताच ओळख पटेल.

वायरलेसचा माल मधला आहे. लहरींचे गणित टिकते, मोबाईलचे नियम बदलतात. भारतात मोबाईल सेवा १९९५ मध्ये आली, फाइव्ह-जी २०२२ मध्ये. नुसत्या जीएसएमवरचे पुस्तक आता स्वस्तातही महाग. नवे नियम थ्रीजीपीपी ही जागतिक संस्था इंटरनेटवर फुकट देते. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट आहेत.

म्हणून अँटेनाचे पुस्तक जुने मिळाले तर बेलाशक घ्या. सॉफ्टवेअरचे घेताना आधी पहिले पान उलटून छपाईचे साल पाहा, आणि दुकानात मुलाला सोबत न्या. मी एकटा गेलो होतो.