हरणाऱ्याच्या हातात काय उरतं?

दरेकशाच्या स्टेशनावर उतरलं की आजूबाजूला डोंगर, जंगल आणि थोडं पुढे छत्तीसगडची हद्द. इथे आज आपण खेळावर बोलणार आहोत, पण कबड्डीवर नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. ग्रामसभेला बोलावलं तर माणसं जमत नाहीत. तीच माणसं गावागावांत स्पर्धा लागली की पहाटे कुदळ-फावडं घेऊन निघतात. हे होतं कसं? आणि बचत गटात, संस्थेत, कार्यालयात तसं करता येईल का?

आपल्या राज्यातलंच उदाहरण घेऊ. पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ सुरू केला. पहिल्या वर्षी तीनच तालुके होते: वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. पुढच्या वर्षी तीस झाले. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू जिंकलं, तर २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यातलं काकडदरा हे आदिवासी गाव. पहिलं बक्षीस ५० लाखांचं.

आता बघा, समतल चर, बांधबंदिस्ती, शोषखड्डे ही कामं काही नवीन नव्हती. नवीन होती ती मांडणी. मुदत ४५ दिवसांची. कोणत्या कामाला किती गुण, हे आधीच सांगितलेलं. खेळण्याआधी गावातल्या लोकांना प्रशिक्षण. आणि शेजारच्या गावाशी चुरस. खेळात हेच तर असतं! नियम सगळ्यांना ठाऊक, शेवट डोळ्यांसमोर, आणि आज केलेलं काम आजच दिसतं. एरवी सरकारी योजनेत यातलं काय असतं, ते तुम्हीच आठवून पाहा.

पण आम्हाला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. बक्षीस मोजक्या गावांना मिळालं. मात्र हरलेल्या गावाचे चर कोणी उचलून नेले नाहीत. पाऊस पडला की पाणी तिथेही मुरणारच. म्हणजे हरणाऱ्याच्या हातातही काहीतरी उरलं.

याची दुसरी बाजूही पाहू. केंद्र सरकारचा निर्मल ग्राम पुरस्कार २००३ मध्ये जाहीर झाला. हागणदारीमुक्त गावाला मान आणि रक्कम. गावं हिरिरीने उतरली, महाराष्ट्र तर पुढेच होता. नंतर मात्र अनेक पुरस्कारप्राप्त गावांत काही शौचालयांत सरपण भरलेलं दिसलं. संडास बांधले गेले, सवय बदलली नाही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने एक नियमच ओळखला जातो: मोजमाप हेच ध्येय झालं की ते मोजमाप बिघडतं.

आणखी एक फरक ध्यानात ठेवू. मे महिन्यात इथल्या बाया-माणसं तेंदूपत्ता तोडतात. सत्तर पानांचा पुडा, आणि पुडे मोजून मजुरी. मोजणी आहे, घाई आहे, म्हणून तो खेळ होतो का? नाही. तिथे मागे पडलं तर थेट पोटावर येतं. शहरात मोटरसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या पोरांचंही तसंच. मोबाइलवर टार्गेट चमकतं, दोन ऑर्डर कमी पडल्या की बोनस गेला. दिसायला खेळ, असते मजुरीच. खेळ तोच, ज्यात उतरायचं की नाही हे माणूस स्वतः ठरवतो.

म्हणून आपल्या गटात गुणांचा फळा टांगण्याआधी तीन प्रश्न विचारू या. पहिला, गुण कशाला देतो आहोत? वणवा विझवायला गेलेल्यांची हजेरी मोजायची, की यंदा किती जंगल जळण्यापासून वाचलं ते? दुसरा, नियम कोणी ठरवले? मोहफुलं आणि तेंदूच्या हंगामात श्रमदानाची स्पर्धा ठेवली तर ज्याच्या घरी खायला आहे तोच खेळेल. गावाला विचारलं तर गावच तारीख सांगेल. तिसरा, शेवटच्या क्रमांकावर राहणाऱ्याच्या हातात काय उरेल?

तिसऱ्या प्रश्नाला ‘काही नाही’ असं उत्तर आलं, तर तो फळा टांगूच नये. कारण पहिला नंबर एकालाच मिळतो, आणि उद्या काम मात्र सगळ्यांना सोबतच करायचं असतं.