रस खाली उतरला की फवारा

मृगाचा पाऊस पडला की कागल-हातकणंगल्याच्या रानात सोयाबीनच्या आधी लव्हाळा उगवतो. जमिनीत त्याच्या गाठी माळेसारख्या गुंफलेल्या असतात. टोकाची गाठ फुटली की मागच्या गाठी दबून राहतात. नांगराच्या फाळाने माळ तुटली, की प्रत्येक गाठ स्वतंत्र कोंब काढते. म्हणजे तण मोडायला घातलेला नांगरच तण वाढवतो!

कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर विनानांगरणी शेतीचा आग्रह धरतात तो उगीच नव्हे. तण उपटून बांधावर टाकू नका, जागेवरच मारा, मुळं आतच कुजू द्या, असं त्यांचं सांगणं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांचं सगुणा तंत्रही याच वाटेचं.

पण नांगर सुटला की सगळी भिस्त फवारणीच्या वेळेवर येते. पेरणीपूर्वी वापरलं जाणारं ग्लायफोसेट हे तणनाशक पानातून शिरतं आणि रसाबरोबर वाहतं. कोवळ्या लव्हाळ्यात अन्न गाठीकडून पानांकडे चढत असतं, त्यामुळे तेव्हा फवारलं तर पानं करपतात, गाठ शाबूत राहते. चार-सहा पानं झाली की प्रवाह उलटतो, पानांतलं अन्न गाठीत साठू लागतं. औषध मारायचं ते तेव्हा. मात्र उगवलेल्या सोयाबीनवर ते पडलं तर पीकही गेलंच. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरताच ठेवण्याचा आदेश काढला आहे.

पेरणीनंतर ४८ तासांत, ओलाव्यावर, मातीत काम करणारं पेंडिमेथॅलिन फवारतात. विनानांगरणीच्या रानात मात्र पाचट आणि धसकटं ते वरच्या वर अडवतात. मातीपर्यंत न पोचलेलं औषध काय कामाचं?

पुढे १५ ते २० दिवसांनी इमॅझेथापायर. त्यामुळे तणाला काही आवश्यक अमिनो आम्लं बनवता येत नाहीत. सोयाबीन मात्र ते औषध आपल्या पेशींत झपाट्याने मोडून टाकतं. तण दोन-चार पानांचं असलं तरच हा डाव साधतो. पावसाची झड लागून आठवडा गेला, की तण हाताबाहेर जातं आणि मग भांगलणीच्या बायका शोधाव्या लागतात.

एक शेवटचं. ग्लायफोसेटच्या पंपात ओढ्याचं गढूळ पाणी घालू नका. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, आणि बरंचसं औषध टाकीतच निकामी होऊ शकतं.