बीभत्साची पारख

आपल्या साहित्यशास्त्रानें नवरसांत बीभत्सालाही स्थान दिलें आहे. परंतु तो रस पडद्यावर प्रत्यक्ष दिसूं लागला कीं भले भले टीकाकार गोंधळतात. जॉर्ज फ्रांजू या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९६० सालचा ‘चेहऱ्याविना डोळे’ हा चित्रपट या गोष्टीचें बोधप्रद उदाहरण आहे.

कथानक थोडक्यांत असें. एका निष्णात शस्त्रवैद्याच्या हातून मोटारीचा अपघात होतो व त्याच्या कन्येचा चेहरा विद्रूप होतो. तिला नवें मुख लाभावें म्हणून तो तरुण मुलींना फसवून आणवितो आणि त्यांच्या चेहऱ्याची त्वचा सोलून काढतो. हें दृश्य कॅमेरा नजर न वळवितां दाखवितो.

एडिंबरोच्या १९६० च्या महोत्सवांत हें पाहून सात प्रेक्षक मूर्च्छित पडल्याचें वृत्त पसरलें. बहुतेक ब्रिटिश टीकाकारांनीं चित्रपटाचा धिक्कार केला. अमेरिकेंत १९६२ सालीं काटछाट करून, इंग्रजी संवाद चढवून आणि ‘डॉक्टर फॉस्टसची भयकोठडी’ असें भडक नांव देऊन तो एका सवंग भयपटाच्या जोडीला लावण्यांत आला. तोच चित्रपट २००३ सालीं मूळ स्वरूपांत तेथें परत आला, तेव्हां अभिजात कृति म्हणून त्याचें स्वागत झालें.

मत कां पालटलें? प्रथम किळसेपलीकडे फारसें कोणी पाहिलें नव्हतें. पुढें ध्यानांत आलें कीं, येथें खरें भय पित्याच्या वात्सल्याचेंच आहे. स्वतःच्या मुलीसाठीं तो दुसऱ्यांच्या मुलींना केवळ साहित्य समजतो. कन्येची भूमिका करणाऱ्या एदित स्कोब हिचा चेहरा बहुतेक वेळ पांढऱ्या मुखवट्याआड आहे. सारा अभिनय डोळ्यांचा व चालीचा. शेवटीं तीच कोंडलेल्या मुलीला आणि कुत्र्यांना मोकळें करते. येथें बीभत्साचा करुण होतो.

२००५ सालीं फ्रान्समधीलच आमियां येथें जगांतील पहिलें अंशतः मुखारोपण झालें. तें मृत दात्याच्या कुटुंबीयांच्या संमतीनें. शस्त्र तेंच, भेद संमतीचा. चित्रपटाचें मर्मही याच भेदांत आहे.

असले चित्रपट लहान मुलांसाठीं नव्हेत, आणि प्रत्येक किळसवाणी कृति थोर असते असेंही नाहीं. कसोटी एवढीच लावावी: ज्याच्या देहावर अत्याचार होतो, तो पाहणाऱ्याला माणूस वाटतो कीं नुसतें मांस?