नापसंतीचें मत

संगणकाच्या कामांत अडलेल्या माणसास जाणत्यांनीं उत्तर द्यावें, या हेतूनें जेफ अॅटवुड व जोएल स्पोल्स्की यांनीं २००८ सालीं ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हें संकेतस्थळ काढलें. तेथें प्रत्येक उत्तरावर वाचक मत देतात. पसंतीच्या मतानें उत्तरदात्यास १० गुण मिळतात. नापसंतीच्या मतानें, ज्यास ती मंडळी डाउनव्होट म्हणतात, २ जातात. मौज अशी कीं, उत्तरास नापसंती देणाऱ्याचाहि १ गुण खर्ची पडतो. शाळेंत उत्तरपत्रिका तपासणारास असा दंड असता, तर तांबड्या शाईचा खप पुष्कळ कमी झाला असता!

मत कोणाचें हें मात्र कळत नाहीं, आणि कारण सांगण्याचें बंधनहि नाहीं. होतकरू विद्यार्थी हिरमुसतो तो येथेंच. परंतु त्या खालच्या बाणाचा तेथें दिलेला अर्थ ‘हें उत्तर उपयोगी नाहीं’ इतकाच आहे. उत्तर देणारा नालायक, असें त्यांत कोठेंहि नाहीं.

समजा, कोणी विचारलें कीं पायथन भाषेंत ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३ न येतां ०.३०००००००००००००००४ कां येते? एक जण लिहितो, “राउंड वापरा.” उपाय चालेल, पण प्रश्न ‘कां’ असा होता. दुसरा लिहितो कीं, यंत्र संख्या द्विमान पद्धतीनें सांठवितें. आपल्या दशमान पद्धतींत एकतृतीयांश जसा ०.३३३ असा कधींच संपत नाहीं, तसाच द्विमान पद्धतींत एकदशांश संपत नाहीं. तो कोठें तरी तोडावा लागतो आणि तो फरक बेरजेंत डोकावतो. पुढें दोन ओळींचा नमुना देऊन, पैशांचा हिशेब असल्यास ‘डेसिमल’ घ्या, असेंहि तो बजावितो. पांच वर्षांनीं तीच अडचण घेऊन येणारासहि हें उत्तर पुरतें.

मत विरुद्ध पडल्यास टिप्पणींत हुज्जत घालूं नये. प्रश्न पुन्हा वाचावा, दिलेली आज्ञावली स्वतः चालवून पाहावी. उत्तर सुधारलें म्हणजे मतदात्यास आपलें मत फिरविण्याची मुभा पुन्हा मिळते. उत्तर मुळांतच चुकलें असेल तर काढून टाकावें; गेलेले गुण परत येतात. कधीं कधीं बिनचूक उत्तरासहि उगाच एखादें विरुद्ध मत पडतें. तें खुशाल राहूं द्यावें. एका पसंतींत अशा पांच नापसंतींची भरपाई होते.