डोक्यातलं पाणी आणि बदललेला स्वभाव

आज वडप्यात आम्ही बोलणार आहोत ते उतारवयात बदलणाऱ्या स्वभावाबद्दल, आणि डोक्यातल्या पाण्याबद्दलही. दोन्हींचा संबंध काय, ते बघू.

समजा, उभं आयुष्य भिवंडीच्या पॉवरलूमवर काढलेले, सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आहेत. पूर्वी सकाळी फाट्यावर चहाला जायचे, चार जणांशी वाद घालून यायचे. आता बसले की बसलेच. टीव्ही लावला तर बघतात, बंद केला तर तक्रार नाही. नातू आला तरी चेहरा हलत नाही. सून म्हणते बाबा रुसलेत, मुलगा म्हणतो वय झालं. कपडे ओले होतात तेव्हा ‘मुद्दाम करतात’ असं बोललं जातं. घरात भांडणं सुरू होतात ती इथून.

असं वागण्यामागे पुष्कळ कारणं असू शकतात. त्यातलं एक, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे एनपीएच. कोलंबियातले न्यूरोसर्जन सालोमोन हकीम यांचे यावरचे लेख १९६५ मध्ये आले. मेंदूतल्या पोकळ्यांत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि तेवढंच रक्तात शोषलं जातं. कुठल्याही क्षणी असतं ते मात्र दीडशे मिलीलिटरच्या आसपास. शोषण मंदावलं की पोकळ्या फुगतात. गंमत अशी की पाण्याचा दाब मोजला तर बहुधा नॉर्मलच येतो. पोकळ्यांच्या पुढच्या टोकांजवळून कपाळामागच्या मेंदूचे धागे जातात, ते ताणले जातात. काही सुरू करण्याची उमेद, राग आवरणं, ही कामं त्याच भागाची.

म्हणून यात सगळ्यात जास्त दिसते ती उदासीनता. ती म्हणजे डिप्रेशनच असं नाही. डिप्रेशनमध्ये माणसाला दुःख असतं, ‘माझा कोणाला उपयोग नाही’ असं वाटतं. इथे कित्येकदा दुःखही नसतं, कपडे ओले झाल्याचंही काही वाटत नाही. काहींना दोन्ही असतं. कुणी चिडचिडे, संशयी होतात. भास क्वचित होतात. अशा वेळी भ्रमावरची काही औषधं दिली तर अंग आखडून चालणं आणखी बिघडतं, म्हणून आधी पायांकडे बघा, असं आम्ही सांगतो.

पाय जमिनीला चिकटल्यासारखे, फाकवून टाकलेली छोटी पावलं, वळताना पाच-सहा वेळा पाय टाकणं. त्याच्या जोडीला लघवीची घाई आणि मंदावलेला विचार. तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही, चालणं बहुतेक वेळा आधी बिघडतं. मग सीटी किंवा एमआरआय, आणि कमरेतून तीस ते पन्नास मिलीलिटर पाणी काढून बघणं. आमची एक विनंती: पाणी काढण्याआधी आणि नंतर चालण्याचा मोबाईलवर व्हिडिओ घ्या. दवाखान्यात पेशंट उसनं अवसान आणून चालतो, घरातला व्हिडिओ खरं सांगतो.

फरक पडला तर शंटचा विचार होतो. डोक्यातलं पाणी कातडीखालच्या नळीने पोटात सोडायचं. उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला तयार होणारा छाबडा शंट आपल्याकडे स्वस्तात मिळतो. जंतुसंसर्ग, नळी तुंबणं, मेंदूभोवती रक्त साचणं हे धोके आहेत, ते ऑपरेशनआधी नीट विचारून घ्या.

आता नेहमीचा प्रश्न: शंटनंतर बाबा पहिल्यासारखे होतील का? चालणं सुधारण्याची शक्यता सगळ्यात जास्त. उमेद काहींची परत येते. स्मरणशक्तीचा भरवसा कमी, कारण बऱ्याच जणांना सोबत अल्झायमरही असतो. आणि दुखणं जितकी वर्षं अंगावर काढलं, तितकं परत मिळणं अवघड होतं.