एका चुलीची माणसे

“तुमच्या घरात माणसे किती?” असे कोणी विचारले, तर तुम्ही चटकन उत्तर द्याल. पण जरा थांबा. पुण्याच्या वसतिगृहात राहून शिकणारी ताई तुम्ही मोजली का? आखातात नोकरी करणारे मामा? थंडीपुरती गावाहून आलेली आजी? तुम्ही वसईच्या पाचूबंदरला राहत असाल, तर मासेमारीसाठी चार-आठ दिवस समुद्रात गेलेले बाबा घरात धरायचे की नाही? आणि त्याच घराच्या माळ्यावर राहणारे, पण वेगळा स्वयंपाक करणारे धाकटे काका तुमच्या घरातले की दुसऱ्या घरातले?

एकाच घरातील दोन भावंडांनी निरनिराळी उत्तरे दिली, तरी दोन्ही बरोबर असू शकतील. कारण प्रश्नच अपुरा आहे. भौतिकशास्त्रात आपण कोणतीही राशी मोजण्याआधी तिची व्याख्या करतो. वेग सांगायचा तर तो कशाच्या संदर्भात, हे आधी सांगावे लागते. माणसे मोजतानाही तसेच आहे. व्याख्या बदलली की आकडा बदलतो आणि आकडा बदलला की शाळा, दवाखाने, धान्य, पाणी यांची सारी गणिते बदलतात. महाराष्ट्राच्या घरांत कोण कोण राहते, हे पाहताना आपण ही गोष्ट सतत ध्यानात ठेवू या.

चूल हेच एकक

भाऊ वेगळे झाले की आपल्याकडे ‘चुली वेगळ्या झाल्या’ असे म्हणतात. जनगणनेची व्याख्या याच्याशी छान जुळते. जी माणसे सर्वसाधारणपणे एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरात शिजलेले अन्न खातात, त्यांचे मिळून एक कुटुंब. त्यांच्यात नाते असलेच पाहिजे अशी अट नाही. नालासोपाऱ्याच्या एका खोलीत सहा तरुण कामगार राहत असतील आणि पाळीपाळीने सर्वांचा स्वयंपाक करीत असतील, तर जनगणनेच्या दृष्टीने ते एक कुटुंब झाले. उलट एका छपराखालचे, पण वेगळ्या चुलीचे दोन सख्खे भाऊ म्हणजे दोन कुटुंबे.

अशा साध्या कुटुंबांखेरीज आणखी दोन प्रकार आहेत. वसतिगृह, तुरुंग, आश्रम, अनाथालय अशा ठिकाणी राहणाऱ्यांना ‘संस्थात्मक कुटुंब’ म्हणतात. फुटपाथवर, पुलाखाली, रेल्वे फलाटावर उघड्यावर राहणारे ते ‘बेघर कुटुंब’. जनगणनेत हे तिन्ही प्रकार येतात.

पण मोजायचे केव्हा?

माणूस हा काही स्थिर पदार्थ नव्हे, तो हिंडतो-फिरतो. म्हणून मोजणीला एक क्षण ठरवावा लागतो. २०११ च्या जनगणनेत तो क्षण होता १ मार्चचे रात्री शून्य वाजणे. प्रगणक ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत घरोघर गेले. २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. मग १ ते ५ मार्चला पुन्हा एक फेरी मारून मधल्या काळातील जन्म आणि मृत्यू यांचा हिशेब जुळवला गेला.

नियम असा, की या वीस दिवसांत जो केव्हा तरी आपल्या नेहमीच्या घरी होता, तो तेथे मोजला जाईल. जो पूर्ण वीस दिवस बाहेर होता, तो जेथे सापडेल तेथे. आता सुरुवातीच्या प्रश्नांची उत्तरे तुम्हीच देऊ शकाल. समुद्रावरून परतलेले बाबा घरात; ताई वसतिगृहात; आजी तुमच्याकडे; आणि परदेशात असलेले मामा भारताच्या मोजणीत कोठेच नाहीत.

या नियमाचा परिणाम पाहा. जव्हार-मोखाड्याकडची अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. फेब्रुवारीत ती भट्टीवरच असतात, तेव्हा त्यांची मोजणीही तेथेच होते. त्यांच्या गावच्या अंगणवाडीचा आणि शाळेचा हिशेब केवळ या आकड्यावरून केला, तर जूनमध्ये परतणाऱ्या मुलांना जागा अपुरी पडेल. आकडा चुकीचा नाही. पण तो फेब्रुवारीचा आहे.

सरासरीची गंमत

२०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ भरली आणि कुटुंबे सुमारे २ कोटी ४४ लाख. भागाकार करा. एका कुटुंबात सरासरी ४.६ माणसे येतात. अर्थात ०.६ माणूस कोणाच्याच घरी जेवत नाही! सरासरी हे साऱ्या समूहाचे वर्णन असते, एखाद्या घराचे नव्हे. हवेचे तापमान सांगितल्याने तिच्या एखाद्या रेणूचा वेग कळत नाही, तसेच हे.

आता तुमच्या वर्गात प्रत्येकाला घरातील माणसे विचारा आणि सरासरी काढा. ती खऱ्या सरासरीपेक्षा जास्त येण्याचा संभव आहे. का बरे? समजा, गल्लीत दोनच घरे आहेत. एकात २ माणसे, दुसऱ्यात ६. घरांची सरासरी ४. पण घरांऐवजी आठही माणसांना विचारले, तर दोघे ‘२’ म्हणतील आणि सहा जण ‘६’ म्हणतील. बेरीज ४०, सरासरी ५! मोठ्या घरातून उत्तरे देणारी माणसेच अधिक असतात. शिवाय वर्गात एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या घरचे कोणीच नसते. तेव्हा घरांची सरासरी हवी असेल, तर विचारायला घरोघरच जावे लागते.

हजारामागे किती?

दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, यावरून स्त्री-पुरुष प्रमाण सांगतात. २०११ मध्ये महाराष्ट्रात ते ९२९ होते. पण जिल्ह्यांचे आकडे पाहिले, तर चकित व्हाल. रत्नागिरीत १,१२२, सिंधुदुर्गात १,०३६. मुंबई शहरात मात्र ८३२ आणि ठाणे जिल्ह्यात ८८६. (वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला.) कोकणातील चाकरमानी कामासाठी मुंबईला गेले, त्यांच्याबरोबर देशभरातूनही पुरुष तेथे आले. पुरुष एका बाजूला गेले की एकीकडे प्रमाण वाढते आणि दुसरीकडे घटते. हे झाले स्थलांतर.

मग सर्व फरक स्थलांतराचाच का? याची परीक्षा घेण्याची एक युक्ती आहे. सहा वर्षांपर्यंतची मुले एकटी नोकरीसाठी गाव सोडत नाहीत. तेव्हा फक्त त्यांचेच प्रमाण पाहावे. निसर्गतः दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली असायला हव्यात. २०११ मध्ये मुंबई शहरात हा आकडा ९१४ होता. बीड जिल्ह्यात एकूण प्रमाण ९१६ असताना बालकांत ते अवघे ८०७ होते! साऱ्या राज्यात ते १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ असे उतरत गेले.

येथे स्थलांतराची सबब चालत नाही. या मुली दुसऱ्या गावाला गेलेल्या नाहीत. काही जन्मण्यापूर्वीच नाकारल्या गेल्या, तर काहींची जन्मानंतर हेळसांड झाली. गर्भलिंग चाचणीवर कायद्याने नियंत्रण आणणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, तेही १९८८ मध्ये. देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला. तरीही आकडे उतरले. नुसता कायदा पुरत नाही, हे या कोष्टकातून दिसते.

शितावरून भाताची परीक्षा

प्रत्येक माणूस मोजणे दहा वर्षांतून एकदा जमते, तेही सुरळीत चालले तर. मधल्या काळासाठी नमुना पाहणी असते. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम पाहते. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत देशभरातील ६,३६,६९९ घरांना भेटी दिल्या गेल्या. शितावरून भाताची परीक्षा करतात, तसेच हे. मात्र शीत पातेल्यात कोठूनही सारख्याच संधीने उचललेले हवे.

या पाहणीत देशात हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया आढळल्या आणि ‘भारतात आता स्त्रिया अधिक’ अशा बातम्या झळकल्या. २०११ च्या जनगणनेत हेच प्रमाण ९४३ होते. महाराष्ट्रातही जनगणनेचा आकडा ९२९, तर पाहणीचा ९६६. इतका फरक कसा? दोन्ही मोजण्यांत काही वर्षांचे अंतर आहे, हे खरे. पण व्याख्या आठवा. पाहणीतील हे प्रमाण घरांमधील लोकसंख्येचे असते, आणि आदल्या रात्री त्या घरात जे झोपले होते, त्यांच्यावरून ते काढतात. सैनिकांच्या बराकी, वसतिगृहे, तुरुंग, फुटपाथ यांतील माणसे त्यात येत नाहीत, आणि अशा ठिकाणी पुरुषच जास्त असतात. ते वगळले की प्रमाण आपोआप चढते. म्हणून या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करून आनंद मानणे हे मीटरमधून सेकंद वजा करण्यासारखे होईल. त्याच पाहणीत महाराष्ट्रात जन्माच्या वेळचे प्रमाण हजार मुलग्यांमागे ९१३ मुली असेच निघाले.

पाया अरुंद होत आहे

आता वयाकडे पाहू. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या सुमारे दीड कोटीने वाढली. पण सहा वर्षांपर्यंतची मुले १ कोटी ३७ लाखांवरून १ कोटी ३३ लाखांवर आली. माणसे वाढली, मुले घटली! वयोगटांच्या पट्ट्या एकावर एक रचून काढलेला लोकसंख्येचा मनोरा पूर्वी पायाशी सर्वांत रुंद असे. तो पाया आता आत जात आहे. पाचव्या पाहणीनुसार राज्यात एका स्त्रीला सरासरी १.७ मुले होतात. पिढी तेवढीच टिकायला हा आकडा सुमारे २.१ लागतो, आईवडिलांच्या जागी दोघे, आणि वरचे ०.१ का, तर मुलगे किंचित अधिक जन्मतात व काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत जगत नाहीत.

२०११ मध्ये राज्यात शंभरात सुमारे दहा जण साठीच्या पुढचे होते. मनोऱ्याचा पाया अरुंद झाला की त्याचा शेंडा रुंद दिसू लागतो. उद्या बालवाड्यांइतकीच वृद्धांच्या दवाखान्यांची गरज भासेल, आणि त्यांची काळजी घेणारी कमावती पिढी म्हणजे तुम्हीच असाल.

वर्गात करून पाहा

आपल्या आळीतील वीस घरे निवडा. कोणाचेही नाव न लिहिता प्रत्येक चुलीवर जेवणाऱ्यांचे वय आणि स्त्री की पुरुष एवढेच टिपा. प्रथम ‘नेहमी राहणारे’ मोजा, मग ‘काल रात्री झोपलेले’ मोजा. दोन्ही मनोरे आलेखकागदावर काढून फरक कोठे पडला ते शोधा. वसई-विरार शहरात २०११ मध्ये १२,२२,३९० माणसे होती. तुमच्या वीस घरांवरून साऱ्या शहराचा अंदाज का बांधता येणार नाही, याचीही चर्चा करा.

२०२१ ची जनगणना कोरोनाच्या साथीमुळे पुढे गेली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार देशातील बहुतेक भागासाठी पुढचा गणनाक्षण १ मार्च २०२७ हा ठरला. ज्यांचा जन्म २०११ च्या १ मार्चनंतरचा, त्यांची नोंद आजवरच्या एकाही जनगणनेत नाही. तुमच्यापैकी अनेक जण त्यांत असतील. प्रगणक दारात आला की घरातील मोठ्यांच्या शेजारी बसा आणि चुलीवरचे प्रत्येक माणूस नोंदले गेले ना, हे पाहा. पाळण्यातली मुलगीही विसरू नका.